ऐनवेळी काम फिसकटलं की पहिल्या दोन तासांत काय करायचं

नागपुरात ठरलेलं काम फिसकटायला फार काही लागत नाही, तारीख पुरते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी साइटवर माणूस उभा राहत नाही, आणि ठेवूही नये. पावसाळ्यात रात्रीतून जोराचा पाऊस झाला तर सकाळी नरेंद्रनगरच्या पुलाखालून गाडी निघेल याची खात्री नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी, आसपासचे रस्ते वाहनांना बंद. १९५३ च्या नागपूर करारात ठरल्याप्रमाणे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथं होतं, बहुतेक वेळा डिसेंबरात. तेव्हा सिव्हिल लाइन्स-सीताबर्डीत बंदोबस्त, मोर्चे आणि हॉटेलात खोली मिळायची मारामार. त्याच दिवसांत उत्तरेत धुकं पडतं आणि दिल्लीकडच्या गाड्या तासन्‌तास उशिरा येतात.

माझं काम कार्यक्रम उभे करण्याचं: कंपन्यांच्या बैठका, शाळांची गॅदरिंग, लग्नं. पण पुढचं बहुतेक सगळं छापखानेवाल्याला, बांधकामावरच्या सुपरवायझरला, मिहानमध्ये (विमानतळाजवळच्या आयटी-उद्योगांच्या वसाहतीत) रात्री सॉफ्टवेअर चालू करून देणाऱ्यालाही लागू पडेल. या धंद्यात जी शांत माणसं भेटली ती काही जन्मतः थंड डोक्याची नव्हती. एकदोघं तर घरी चांगलेच तापट म्हणून प्रसिद्ध. गडबड झाली की आधी काय आणि मग काय, हे त्यांचं पक्कं असायचं, एवढंच. तो क्रम एका उदाहरणावरून सांगतो.

समजा, डिसेंबरातली सकाळ, अधिवेशन सुरू आहे. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याची डीलर मीट वर्धा रोडवरच्या हॉलमध्ये अकरा वाजता आहे. विदर्भभरातून दीडशे लोक यायचेत. साडेसातला फोन येतो: ‘भाऊ, साउंडची गाडी बंद पडली ना. कोंढाळीजवळ उभी आहे.’

पहिली पाच मिनिटं: कोणालाच फोन नाही

अशी बातमी कानावर पडली की शरीर माणसाच्या आधी कामाला लागतं. अॅड्रेनॅलिन वाढतं, छाती धडधडते, श्वास वरवरचा होतो, तळहाताला घाम येतो. लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं. अंगावर कुत्रं धावून आलं तर हे उपयोगाचं आहे, पण दुसरा साउंडवाला शोधायला अजिबात नाही. या अवस्थेत केलेला पहिला फोन बहुतेक वेळा ओरडण्याचा असतो, आणि ज्याच्यावर ओरडतो त्याचीच पुढचे तीन तास गरज असते.

म्हणून बसा. गाडीवर असाल तर बाजूला लावून उभे राहा. हेल्मेटमध्ये फोन कोंबून ही बोलणी होत नाहीत. नाकानं चार मोजत श्वास आत घ्या आणि सात-आठ मोजत सावकाश बाहेर सोडा. असे आठ-दहा श्वास, म्हणजे दोन मिनिटांच्या आत काम. श्वास सोडताना हृदयाची गती नैसर्गिकरीत्याच थोडी उतरते, म्हणून सोडणं लांबवायचं. यात अध्यात्म नाही, पण कोणाला नाम घ्यायचं असेल तर घ्यावं, श्वास आपोआप लांबतो.

मग मनात काय चाललंय ते स्पष्ट शब्दांत स्वतःला सांगा. ‘टेन्शन आलंय’ एवढं पुरत नाही. ‘पेमेंट अडकेल याची भीती वाटून राहिली’, ‘या माणसानं मागच्या वेळीही असंच केलं म्हणून राग येऊन राहिला’, इतकं नेमकं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूचं स्कॅनिंग करून दाखवलं की भावनेला शब्द दिला की भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या, मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होते. प्रयोगशाळेचं राहू द्या, करून पाहायला पैसे पडत नाहीत.

उन्हाळ्यात याच्याही आधी सावली आणि पाणी. दुपारी दोनला साइटवर जो राग येतो, त्यातला निम्मा उन्हाचा असतो. ताक प्या, पन्हं प्या, मग बोला.

मग नक्की काय बिघडलं ते काढून घ्या

इथं घाई करू नका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. पहिली बातमी जवळजवळ नेहमी अर्धवट असते, आणि सांगणारा स्वतः घाबरलेला असतो. ‘गाडी बंद पडली’ यातून तुम्ही ‘आज साउंड नाही’ असं ऐकलंत, पण तसं कोणी म्हटलेलंच नाही. परत फोन लावा आणि छोटे छोटे प्रश्न विचारा.

‘कोंढाळीच्या कोणत्या बाजूला आहे?’
‘नागपूरकडे, भाऊ. ढाब्यासमोर.’
‘काय झालं गाडीले?’
‘क्लच प्लेट गेली वाटते.’
‘वाटते, का मेकॅनिकनं पाहिलं?’
‘मेकॅनिक येऊन राहिला.’
‘पोरं किती आहे सोबत?’
‘चौघं आहे.’
‘लोकेशन टाक. अन् तिथं पिकअप मिळते काय, ते ढाब्यावर विचार.’

दीड मिनिटाच्या या बोलण्यात बातमी पार बदलली. आता तुमच्याजवळ आहे: सामान शाबूत, नागपूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, सोबत चार हात, फक्त गाडी नाही. ‘हे आलोच, पाच मिनिटांत’ असं उत्तर आलं की समोर काय दिसतंय ते विचारायचं. ढाबा, टोलनाका, पेट्रोल पंप. पाच मिनिटं म्हणजे किती, ते आपोआप कळतं.

कागदावर तीन रकाने आखा: पक्कं कळलेलं, ऐकीव, अजून विचारायचं. वहीचं मागचं पान चालेल, जेवणाच्या बिलाची पाठही. फोनमध्ये मात्र लिहू नका, कारण फोन सतत वाजणार आहे.

घड्याळ उलटं मोजा

अकराला सुरुवात. माइक तपासणी सव्वादहाला. उभारणीला एक तास, म्हणजे सामान सव्वानऊला हॉलच्या दारात हवं. कोंढाळीहून तिथं यायला, अमरावती रोडवरून शहर ओलांडून, सव्वा तास धरा. म्हणजे आठला गाडी निघायला हवी आणि सामान चढवायला पंधरा मिनिटं धरली तर पावणेआठला दुसरी गाडी ढाब्यासमोर उभी हवी. घड्याळात आत्ता पावणेआठच झालेत.

म्हणजे मूळ बेत संपला. हे मान्य करणं या सगळ्या प्रकारातलं सर्वांत अवघड काम आहे. माणूस पुढचा तासभर मेलेल्या बेतामागे धावतो, ‘अजून दहा मिनिटं पाहू’ करत राहतो, आणि त्या तासाभरात जे सहज जमलं असतं तेही हातचं जातं. उलटी मोजणी केली की वाद मिटतो. प्रत्येक पर्यायापुढे निर्णयाची शेवटची वेळ लिहा. त्या वेळेपर्यंत झालं नाही तर तो पर्याय खोडायचा, हळहळ नंतर.

आता दुसरा प्रश्न: काय नसलं तर कार्यक्रम होणारच नाही? दीडशे लोकांच्या बंद हॉलला दोन कॉर्डलेस माइक, दोन स्पीकर आणि एक छोटा मिक्सर पुरतो. मोठी एलईडी वॉल, लाइट, धूर हे सगळं हौसेचं. एवढा छोटा सेट शहरातला कोणताही साउंडवाला तासाभरात लावून देईल. मोठं सामान पिकअपमधून साडेदहा-अकरापर्यंत आलं तर जेवणाच्या सुट्टीत लावायचं आणि कंपनीची फिल्म दुपारच्या सत्रात दाखवायची. सकाळी साहेबांचं भाषण, डीलरांचे प्रश्न. खरं सांगायचं तर डीलर लोकांना फिल्मपेक्षा आपले प्रश्न मांडण्यातच जास्त रस असतो.

पाहुण्यांचं काय? अधिवेशनामुळे रस्ते अडलेत. रेल्वेनं येणाऱ्यांना निरोप द्या: स्टेशनवरून अॅक्वा लाइनची मेट्रो, सीताबर्डीला बदलून ऑरेंज लाइनने वर्धा रोड. टॅक्सीत अडकून चिडलेला पाहुणा पोचतो तेव्हा साउंड कितीही चांगला असला तरी त्याचा मूड काही लागत नाही.

बातमी कोणाला, कशी

आठच्या आत ग्राहकाला फोन गेलाच पाहिजे. तो हॉलवर येऊन रिकामं स्टेज पाहील आणि मग विचारेल, अशी वेळ आणू नका. आपल्याकडे अशा वेळी एक वाक्य तोंडात बसलेलं आहे: ‘होऊन जाते ना साहेब, टेन्शन नका घेऊ.’ ते प्रेमानं म्हटलं जातं हे खरं, पण ऐकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही आणि त्याची धाकधूक दुप्पट होते. त्याऐवजी असं बोला:

‘साहेब, नमस्कार. एक अडचण आहे आणि तिच्यावर काय करतोय तेही सांगतो. साउंडची गाडी कोंढाळीजवळ बंद पडली. शहरातून दुसरा सेट नऊपर्यंत हॉलवर आणतोय, अकराला वेळेवर सुरुवात होईल. एलईडी वॉल सकाळी नसेल, दुपारच्या सत्राला लावायचा प्रयत्न आहे. फिल्म जेवणानंतर घेतली तर चालेल काय? साडेआठला मी परत फोन करतो.’

यात काय झालं, काय होणार, काय होणार नाही, त्यांनी काय ठरवायचं आणि पुढचा फोन कधी, सगळं आलं. साडेआठला फोन कराच. नवीन काही नसलं तर ‘अजून सेट निघालेला नाही, पंधरा मिनिटांत परत सांगतो’ एवढं तरी सांगा. तुम्ही सांगितलेल्या वेळेला फोन वाजला की समोरचा निम्मा शांत होतो, आणि तो शांत झाला की तुम्हीही होता.

साहेब चिडले तर? चिडू द्या. मधे बोलू नका, सफाई देऊ नका. गाडी जुनी होती, ड्रायव्हर नवा होता, हे आत्ता त्यांच्या काही कामाचं नाही. त्यांचं झालं की म्हणा, ‘बरोबर आहे साहेब. आता फिल्मचं काय करू तेवढं सांगा.’ बोलणं परत कामावर येतं.

आपल्या माणसांशी वेगळं बोलावं लागतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘साउंड लटकला’ असं टाकलं की दहा जणांचे फोन सुरू होतात आणि सगळे एकाच साउंडवाल्याला लावतात. तेव्हा एक काम एका माणसाला, नाव घेऊन: ‘ताई, तुम्ही फक्त नाश्ता अन् रजिस्ट्रेशन पाहा, साडेदहाऐवजी अकरापर्यंत ओढा.’ ‘दादा, तू फक्त छोट्या सेटच्या मागे.’ आणि कोंढाळीला उभ्या पोराला विचारा, चहा-पोहे झाले का. तो अमरावतीचा कार्यक्रम आटोपून रात्रभर जागा आहे. चूक कोणाची, हा विषय आज काढायचा नाही.

सकारात्मक राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं

‘सगळं छान होणार आहे’ असं मनाशी घोकणं याला लोक सकारात्मक विचार म्हणतात. माझा त्यावर विश्वास नाही, आणि संशोधनही फारसं त्या बाजूचं नाही. गाब्रिएल ओटिंगन या जर्मन मानसशास्त्रज्ञ अनेक वर्षं यावर काम करत आहेत. नुसतं गोड चित्र रंगवणाऱ्यांचा जोर उलट कमी होतो, असं त्यांना वारंवार आढळलं. चित्र रंगवून लगेच त्याच्या आड काय येतंय ते पाहणारे जास्त हातपाय हलवतात. त्याला जोड म्हणून पीटर गोलवित्झर यांची १९९९ च्या लेखातली ‘जर-तर’ची पद्धत: ‘प्रयत्न करीन’ म्हणण्यापेक्षा ‘जर अमुक झालं तर मी तमुक करीन’ असं आधीच ठरवून ठेवायचं. आपल्या उदाहरणात: जर पावणेनऊपर्यंत छोटा सेट निघाला नाही, तर हॉलचाच माइक आणि भिंतीवरचे बॉक्स वापरून सुरुवात. ठरलं. आता त्या चिंतेला डोक्यात जागा द्यायची गरज नाही.

आणखी एक करून पाहा. त्याच कागदावर खाली लिहा: यातलं आत्ता काय काय शाबूत आहे? हॉल आहे. वीज आहे. नाश्ता तयार आहे. लोक येत आहेत. साहेब वेळेवर पोचणार आहेत. संकटात सापडलेल्या माणसाला फक्त तुटलेलं दिसतं, म्हणून शाबूत असलेलं मुद्दाम लिहून काढावं लागतं. बहुतेक वेळा दुसरा मार्ग त्या यादीतूनच निघतो.

जेव्हा काम सोडूनच द्यायचं असतं

प्रत्येक गोष्ट वाचवायची नसते. २३ सप्टेंबर २०२३ ला, गणेशोत्सवाच्या दिवसांत, पहाटेच्या अतिवृष्टीनं अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या घरादुकानांत पाणी शिरलं. अशा दिवशी ऑर्डर पूर्ण करण्याची जिद्द म्हणजे मूर्खपणा. क्रम असा: माणसं वर, पाणी वीजबोर्डापर्यंत येण्याआधी, कोरड्या जागी उभं राहून मेन स्विच बंद, मग फोन. पाणी ओसरल्यावर साफसफाईच्या आधी फोटो आणि व्हिडिओ काढा, पाण्याची खूण भिंतीवर दिसेल असे. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा, खराब माल त्यांचा माणूस पाहून जाईपर्यंत फेकू नका. पंचनामा होताना स्वतः हजर राहा आणि त्याची प्रत मिळवा. ग्राहकाला एकच वाक्य: ‘आज होणार नाही, कधी होईल ते परवा सांगतो.’ आणि परवा सांगा.

राग आहेच, त्याला दिवस ठरवून द्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या इतवारी-महालात काळी आणि पिवळी मारबत (वाईटाचे मोठे पुतळे) निघते, बडगे म्हणजे टिंगलीचे पुतळे निघतात, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत वर्षभराचा सगळा संताप शहर एका दिवसात शिव्याशापांसकट बाहेर काढून जाळून टाकतं. कामाच्या रागाचंही असंच करावं. कार्यक्रमाच्या दिवशी नाही, रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धा तास. सगळे बसा, चहा मागवा, आणि एकेकानं सांगायचं: मला कधी कळलं, मी काय केलं, काय आधी केलं असतं तर बरं झालं असतं. गाडीवाल्याचे पैसे कापायचे तर ठरलेल्या अटींप्रमाणे कापा, चिडून नाही. आणि ज्या साउंडवाल्यानं तासाभरात सेट लावून दिला, त्याचं बिल त्याच दिवशी चुकतं करा. पुढच्या वेळी तो फोन पहिल्याच रिंगला उचलेल.

रात्री झोप लागत नाही, तीच दृश्यं डोळ्यांपुढे फिरतात, हे एखाद-दोन दिवस व्हायचंच. आठवडे गेले, सकाळी फोन वाजला की पोटात गोळा येतो, जेवण जात नाही, असं असेल तर ते ‘कामाचं टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. मानसिक आरोग्यासाठीची सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. छातीत दुखणं, डाव्या हाताला कळ, दरदरून घाम, हे दिसलं तर श्वास मोजत बसायचं नाही, सरळ दवाखाना.

पुढच्या वेळेची तयारी

आपण वेळेचा अंदाज नेहमी कमीच धरतो. कॅनडात १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त. तेव्हा ‘दोन तासांत उभं करू’ म्हणणाऱ्याला तीन द्या, आणि ग्राहकाला साडेतीन सांगा.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी सगळ्यांना बसवून एकच प्रश्न विचारा: ‘समजा, कार्यक्रम पार फसला. कशामुळे फसला असेल?’ प्रत्येकानं कागदावर लिहायचं, मग मोठ्यानं वाचायचं. गॅरी क्लाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००७ च्या एका लेखात ही रीत प्रीमॉर्टेम या नावानं मांडली. ‘काही अडचण येईल का?’ विचारलं की सगळे ‘नाही’ म्हणतात, पण फसलंच आहे असं धरून विचारलं की हेल्परसुद्धा बोलतो, आणि खरी माहिती बहुतेक वेळा त्याच्याजवळच असते.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर जानेवारीतच लाल खुणा करा. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत उभारणी सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर. पावसाळ्यात सामान आदल्या दिवशी हॉलवर. पोळा-मारबतीला इतवारीतून माल उचलायचा नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या बाजूनं गाडी काढायची नाही. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की त्याच दिवशी खोल्या बुक. धुक्याच्या दिवसांत उत्तरेकडून येणारा वक्ता आदल्या रात्री नागपुरात पोचला पाहिजे, पहाटेच्या गाडीवर भरवसा नाही.

शेवटचं काम अर्ध्या तासाचं आहे. प्रत्येक कामासाठी दोन-दोन नावं आणि नंबर: साउंड, जनरेटर, पिकअप, इलेक्ट्रिशियन, केटरर, फ्लेक्स छापणारा. त्यातला एक वर्धा रोडच्या बाजूचा, एक इतवारी-महालचा, म्हणजे एका भागात रस्ता बंद झाला तरी दुसरा मोकळा. ही यादी फोनमध्ये असतेच, पण एक प्रत कागदावर, गाडीच्या डिकीत. दर दिवाळीला एकदा सगळ्यांना शुभेच्छांचा फोन लावा. कोणाचा नंबर बदलला, कोणी धंदा सोडला ते तेव्हाच कळतं आणि यादी ताजी राहते.